टेकडी चढून आलेले शंख

रविवारी सकाळी इकाच्या वाळवंटातल्या त्या टेकडीवर पुन्हा जत्रा भरली होती. शुक्रवारी इथे नुसती वाळू होती आणि आज पाहावं तिकडे समुद्राचे शंख. समुद्र तर ट्रकने दोन तासांवर! आबुंदियो बाबा हात पसरून सांगत होता, की समुद्र आपल्या लेकरांना विसरलेला नाही. त्याचे शंख रातोरात टेकडी चढून येतात, आणि त्यांची चिमूटभर पूड घेतली की दवाखान्याची पायरी चढायला नको. ओंजळभर शंखांना पिशवीभर वाल, असा त्याचा भाव.

नेलिदा गर्दीच्या मागे उभी होती. अकरा वर्षं ती गावच्या दवाखान्यात नर्स होती आणि लोकांना समजावून समजावून पार कंटाळली होती. पण या वेळी पहिल्या रांगेत तिची आईच होती. तीन आठवड्यांपूर्वी आईने मधुमेहाच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या होत्या. पायाचा अंगठा काळा पडला, तरी म्हणायची, शंख आतून काम करताहेत.

शुक्रवारी नेलिदाने आई आणि तिची मैत्रीण एर्मेलिंदा यांच्यासमोर इथे एक पहार ठोकली होती. खाली खडकात घट्ट, वर डोकं वाळूच्या बरोबरीला. शनिवारी पाराकास नावाचा वादळी वारा सुटला. ऑगस्टात तो सुटतोच. आता पहार चार बोटं वर दिसत होती.

“बाबा, ही पहारही समुद्रातून चालत आली का?” नेलिदाने विचारलं.

“समुद्राने तिलाही वर ओढलंय, सिस्टर.”

“मग सैल झाली असेल. उपटून दाखवा.”

बाबाने दोन्ही हातांनी जोर लावला. पहार हलली नाही. मग त्याने घाम पुसत सांगितलं, की आज मुहूर्त बरा नाही.

“वर काहीच आलेलं नाही,” नेलिदा थकल्या आवाजात म्हणाली. “वाळू खाली गेली. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी इथे समुद्र होता, तेव्हाचे हे शंख. वारा वाळू उडवतो आणि हे बाबा वाल गोळा करतात.”

काही लोक निघाले. काहींनी तरीही खिसे भरले. आई पहारीजवळ बसली आणि तिने चार बोटं लावून पाहिली.

“नेली, अंगठा राहील ना माझा?”

खोटं बोलायचं त्राण नेलिदात उरलं नव्हतं. “अंगठा नाही, आई. पाऊल वाचवू.”

 आई लेकीच्या खांद्याला धरून उठली. एर्मेलिंदा अजून ओच्यात शंख भरत होती.

“ने गं, एर्मेलिंदा, कपाटावर ठेव, छान दिसतात,” आई म्हणाली. “पण तुझ्या गोळ्या फेकायच्या आधी माझा पाय बघून जा.”