दोन बोटांचा जोर

नवऱ्याचा उजवा खांदा दुखतोय हे तिला धाकट्या बहिणीकडून कळलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोघी बहिणी फिजिओथेरपिस्ट. हिची उभी हयात खांद्यांत गेलेली, धाकटी कालपरवाची. पण पेशंटांची रांग मात्र धाकटीच्या दारात. तेही हिनं कसंबसं गिळलं होतं. पण स्वतःचा नवरा? इमारतींची छतं रंगवणारा हा माणूस घरातली जाणकार सोडून मेहुणीकडे दाखवून आला. काखेत कळसा नि गावाला वळसा! का, तर म्हणे तुला दिवसभर तेच काम, घरी आणखी त्रास कशाला.

खांद्याचा स्नायुबंध फाटलाय, काम बंद करा, एमआरआय काढा, असं धाकटीनं सांगितलं होतं.

"बसा इथं. मी बघते," ती म्हणाली.

हात खांद्याइतका वर, जरासा पुढे, अंगठा जमिनीकडे, जसा काही डबा उपडा करतोय. तिनं वरून दाबायचं, त्यानं हात खाली येऊ द्यायचा नाही. नीट जोर लावा, दोन्ही खांदे ताडून बघा, म्हणून शिकाऊ पोरींना ती फैलावर घ्यायची. आज तिनं दाबलं दोन बोटांनी. हात थरथरला, पण राहिला. मग हात बाजूनं वर नेऊन सोडायचा आणि त्यानं तो सावकाश खाली आणायचा. तिनं सोडलाच नाही, कोपराखाली तळवा तसाच ठेवला. डाव्या खांद्याकडे तर बघितलंही नाही.

नुसतं आखडलंय, असं तिनं सांगून टाकलं. धाकटी चुकली! तिला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

त्याचाही चेहरा खुलला. त्यानं लगेच मुकादमाला फोन केला, उद्या सकाळी परांचीवर चढतो म्हणाला. मग शर्ट घालायला उठला आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यानं बाहीत सारला. असा पेशंट आला असता तर तिनं दारातच ओळखला असता.

गप्प बसणं सोपं होतं. धाकटीचं नाक एकदा तरी खाली झालं असतं. पण उद्या परांचीवर हा एका हातानं काय धरणार?

"शर्ट काढा. परत बसा."

या वेळी तिनं पुरता जोर लावला. हात लगेच खचला. मग तिनं तो वर नेला आणि खरोखर सोडला. तो धपकन मांडीवर पडला. नवरा कळवळला.

"मघाशी तू धरून ठेवला होतास?"

"हो."

"का?"

तिनं त्याचा फोन उचलून त्याच्या पुढ्यात धरला. धाकटीवरचा राग अजून तसाच होता, उलट वाढलाच होता.

"फोन लावा," ती म्हणाली.

"मुकादमाला?"

"त्याला नंतर. आधी तिला."