एकशे सव्वीस रीनांची जपानी वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. शिलाई उसवलेली, कोपरे दुमडलेले, पाठीवर चहाचा गोल डाग. माझ्या पोटात जपानी भाषा आहे, आणि ती तिथून बाहेर पडू नये म्हणून तुमसरच्या एका कॉलेजातल्या पोरांनी पाच वर्षे जी मेहनत घेतली, तिला तोड नाही.

मला लिहिले रीनाने. ती चिखला या खाणीच्या गावची. परदेशी भाषेचे दोन क्रेडिट मिळवल्याशिवाय पदवी नाही, असा नियम निघाला तेव्हा नागपूरहून शिकवायला एक बाई यायच्या. रीनाने एकही तास चुकवला नाही. पहिल्याच पानावर तिने जपानीत लिहिले, 'माझे नाव रीना. माझे वडील मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली काम करतात.' बाईंनी शेजारी लाल शाईने फूल काढले. माझे कौतुक म्हणाल तर तेवढेच.

पुढच्या वर्षी बाई यायच्या बंद झाल्या. वर्ग इतिहासाच्या सरांच्या गळ्यात पडला. भला माणूस, पण चाळीस पाने भरली की सही, एवढेच त्यांचे जपानी. मग काय! एकाने मला मागून नेले, त्याच्याकडून दुसऱ्याने. पोरे माझी अक्षरे रांगोळीसारखी काढू लागली. आपण काय लिहितो आहोत, हे एकालाही ठाऊक नव्हते. पाच वर्षांत एकशे सव्वीस जणांचे नाव रीना झाले आणि एकशे सव्वीस वडील खाणीत उतरले. चिखल्यात एवढी भरती कधी झाली नसेल. लाल फूलसुद्धा उतरवून घेतले, तेही लाल पेनने!

मी मोजले आहे. चाळीस पाने उतरवायला आठ दिवस लागतात. पहिले पान शिकायला एक दुपार पुरते. पण वहीचे ऐकतो कोण?

यंदा करडी गावच्या धनंजयने तर कमालच केली. त्याला उतरवायचाही कंटाळा. मलाच नवे खाकी कव्हर घातले, वर स्वतःचे नाव चिकटवले आणि परीक्षेच्या टेबलावर ठेवले. त्या टेबलामागे या वर्षी पहिल्यांदाच बाहेरच्या परीक्षक बाई बसल्या होत्या, आणि त्यांना जपानी वाचता येत होते.

त्यांनी मला उघडले. मग बाकीच्या तीस वह्या उघडल्या. मग चष्मा पुसला.

"रीना तुम्हीच का?" त्यांनी धनंजयला विचारले.

धनंजयने कव्हरावरचे आपले नाव तळव्याने झाकले.

"आता सगळ्यांचीच तोंडी होईल. तुम्ही चार वाजता परत या. स्वतःबद्दल पाच वाक्ये जपानीत बोला. नाहीतर भेटू पुढच्या वर्षी."

पुढचे वर्ष म्हणजे पदवी अडकली. बी.एड.च्या प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती, आणि पोरगा मास्तर होणार असे त्याचे वडील खुशालभाऊ गावभर सांगून मोकळे झाले होते.

तो मला घेऊन व्हरांड्यात बसला. माझ्या शेवटच्या पानावर रीनाने 'वही परत करा' असे लिहून फोन नंबर दिला होता. पाच वर्षांत तो पहिल्यांदाच कोणीतरी लावला.

"ताई, मी धनंजय, करडीचा. तुमची वही माह्यापाशी हाये."

"सापडली काय! कवाची शोधून राहिली मी. तुह्यापाशी कशी आली?"

"सगळ्याइनं उतरवली, ताई. नावासकट."

रीना कडाडली, "म्हंजे एवढे जनं माह्या बापाले बाबा म्हनून राहिले? आमच्या घरी दिवाळीले तं एकबी आला नाही!"

"ताई, चार वाजता तोंडी हाये."

"तुहे बाबा काय करते?"

"धानाची शेती."

"मंग थेच सांग न! माह्या बापाले कायले खाणीत पाठवतं? उघड पहिलं पान. मोठ्यानं वाच माह्यामागं."

मित्रांनो, पाच वर्षांत त्या दुपारी मला पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने वाचले.

चार वाजता धनंजयने नाव सांगितले, गाव सांगितले, घरात किती माणसे ते सांगितले. वडील शेतकरी, हेही अडखळत सांगितले. चार झाली.

"आणि आई? आई आज काय करते आहे?" बाईंनी जपानीत विचारले.

प्रश्न त्याला कळला. उत्तर माझ्या चाळीस पानांत कुठेच नव्हते. तो एकाएकी कमरेत वाकला. डाव्या हातात नसलेली पेंडी धरून, उजव्या हाताने रोपे खोचत, बाकांच्या मधून मागे मागे सरकू लागला. दारातली पोरे खिदळली. तो थांबला नाही. बेबीबाई, त्याची आई, त्या घटकेला करडीच्या बांधीत, धानाच्या चिखलात, नेमके हेच करत होती.

बाई हसल्या नाहीत. "ताउए," त्या म्हणाल्या. "जपानातही धानाचा रोवणा, भाताची लावणी, अशीच करतात. म्हणा पूर्ण वाक्य."

त्याने म्हटले. पाच झाली. मग बाईंनी मला त्याच्यापुढे सरकवले आणि तो शब्द लिहायला लावला. त्याने तो वाकडातिकडा, पान फाटेल इतका दाबून लिहिला. बाईंनी निकालपत्रावर सही केली.

मित्रांनो, खाकी कव्हर म्हणजे माझी काळजी नव्हे. माझ्यासारखी वही हाती आली तर तिला मोठ्याने वाचा, आणि तुमच्या घरातले काम तिच्यात सापडले नाही तर ते विचारून लिहा. एकशे सव्वीस जणांनी मला उतरवले. माझ्यात भर घातली ती एकट्या धनंजयने.