माघ्याच्या वाट्याचा भात

“तो खेकडा केवढा, तर त्याच्या नांगीत एकदा जीप अडकली,” सुकऱ्या सांगत होता. “मोखाड्याच्या बाजाराला निघालेली. आत माणसं कोंबलेली, टपावर दोन बोकड. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, खेकडा काय सोडत नाय. शेवटी एका बोकडावर मांडवली झाली.”

मिनीबस हसून हसून हलली. आधीच त्या वळणांवर ती कमी हलत नव्हती. एका अंगाला लाल कातळ, दुसऱ्या अंगाला खाली फेसाळणारा समुद्र. दिवाळीच्या सुट्टीत जव्हारच्या मास्तर मंडळींची सहल कोकणचा किनारा बघायला आली होती. सगळ्यात मागे टोप, शेगडी आणि कांद्याच्या पिशवीशेजारी सुकऱ्या आणि त्याची बायको रामी, ही आचारी म्हणून आणलेली जोडी. साखरशेतला रोहिदास गुरुजींच्या शेतावर दोघं मजुरीला जायची. गुरुजींना त्यांच्या हातचं जेवण आवडायचं, आणि थापा फुकटात मिळायच्या.

रामी हसली नाही. तिच्या मांडीवर पळसाच्या पानात बांधलेला मूठभर भात होता. नव्या तांदळाचा. मुक्कामाच्या ठिकाणी तिने पहाटे उठून आधी तो शिजवला होता, मग मास्तरांचा चहा.

“गरम हाय अजून,” ती म्हणाली. “दिवा कधी यायचा?”

“येल आता,” सुकऱ्या म्हणाला, आणि त्याची थाप तोंडातच वाळली.

दिव्याची गोष्ट त्याचीच. त्यांचा एकुलता पोर माघ्या इकडच्या एका बोटीवर खलाशी म्हणून आला होता. एका वादळात बोट उलटली. बाकीची माणसं हाती लागली, माघ्या लागला नाही. निरोप घेऊन आलेल्या माणसाला सुकऱ्या पाड्याच्या वेशीवरच भेटला. घरापर्यंत दहा-बारा झाप-झोपड्यांचं अंतर, पण तेवढ्यात त्याने एक अख्खं दीपगृह उभं केलं. माघ्याला म्हणे डोंगरावरच्या दिव्यावर ठेवलाय. दिवा एक रात्र विझला तर शंभर बोटी खडकावर आदळतात, म्हणून त्याला सुट्टी नाही. फोन? त्या उजेडाने फोनची रेंज जळून जाते.

रामीने हे खरं मानलं की नाही, ते सुकऱ्याला कधीच कळलं नाही. ती ऐकायची आणि रोज रात्री माघ्याचं ताट वाढायची. घरात जे असेल त्यातलं आधी माघ्याचं, मग नवऱ्याचं, मग उरलं तर तिचं. सकाळी ते ताट कोंबड्या साफ करायच्या. कोंबड्या गरगरीत झाल्या, आणि रामीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. वर्षामागून वर्ष सुकऱ्या ते बघत होता. ताट थांबायला हवं होतं. पण ताट थांबवायचं तर दिवा विझवावा लागला असता, आणि त्याची जीभ तिथं टाळ्याला चिकटायची.

यंदा भात कापून झाल्यावर गुरुजींनी सहलीचं विचारलं, तेव्हा रामीच आधी हो म्हणाली. “दिव्याकडं जाणार ना? मग येतो आमी.”

दीपगृह खरोखरच डोंगरावर होतं. मास्तर मंडळी शेजारच्या जुन्या किल्ल्यावरच्या तोफेच्या बुरुजाकडे फोटो काढायला पांगली. रामी पानाची पुडी छातीशी धरून तरातरा चढली, सुकऱ्या मागून धापा टाकत. दाराला कुलूप होतं. कुलपावर गंज, आणि गंजावर कोळ्याने जाळं विणलेलं.

रामीने कडी वाजवली. “माघ्या!”

फाटकाशी टपरी टाकून बसलेला चहावाला ओरडला, “ओ आजी, कोण नाय आत. सगळा आपोआप होता आता. काळोख पडला की पेटता, उजाडला की विझता.”

“माणूस नाय ठेवत?”

“माणूस? किती वर्षा झाली! अधीमधी सायेब येतो, पुसतो न जातो.”

रामी वळली. सुकऱ्याने तोंड उघडलं. दुसरा दिवा, पलीकडच्या बेटावरचा, त्याच्या जिभेवर तयार उभा होता.

“नको,” रामी म्हणाली. “तू काय पण नको सांगू.”

ती उतरायला लागली. बसकडे नाही, थेट खडकांकडे. पाड्यावरची रीत सुकऱ्याला ठाऊक होती: गेलेल्या माणसाच्या वाट्याचा नवा भात पळसाच्या पानावर ठेवून वाहत्या पाण्यात सोडायचा. नदीने नेला की माणूस गेलं. घरात मग त्याचं ताट नाही. पान काठाला अडकून राहिलं, तर जीव अजून जिता, असं म्हणायचं. सुकऱ्याच्या छातीवरचा धोंडा सरकला. जे त्याच्या तोंडून निघत नव्हतं, ते रामी हाताने करायला निघाली होती.

काळ्याकभिन्न खडकांमधून पाणी उसळत होतं. रामी गुडघाभर पाण्यात गेली, पान उघडून अलगद सोडलं आणि हात जोडले. पान हललं, फिरलं, चार हात गेलं. मग एक लाट आली, आणि पान रामीच्या पायाशी येऊन टेकलं.

तिने पुन्हा सोडलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा तर लाटेने पान उचलून तिच्यामागच्या खडकावर नेऊन ठेवलं, जसं पाहुण्याने ताट बाजूला सारावं.

रामीचा चेहरा बदलत गेला. इतक्या वर्षांत सुकऱ्याने तो चेहरा पाहिला नव्हता.

“नाय घेतला,” ती कुजबुजली. “बघितलास? पाण्याने नाय घेतला. माझा पोऱ्या जिता हाय!”

“अगं, ती भरती,” सुकऱ्या म्हणाला. काल संध्याकाळीच खानावळवाल्याने त्याला समजावलं होतं. “हे पाणी आपल्या नदीवाणी नाय. आत येतं, मग बाहेर जातं. आता येतंय. दुपारनं उतरेल, तवा सोड. जाईल बघ.”

“पाणी येतं न जातं?”

“खरं सांगतो.”

“सकाळी खेकड्यानं जीप धरली होती,” रामी म्हणाली. रागाने नाही, लाडानेच. “न आता पाणी मागं चालतं. माघ्याचा बा, एवढी मोठी तर तू पण कधी मारली नव्हतीस.”

“तुझी आण, रामी. माघ्या बुडाला. मला तवाच सांगितलं होतं त्यांनी.”

“दिवा पण सांगितला होतास.”

तिने खडकावरचं पान उचललं, खारं पाणी निथळू दिलं आणि भात पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

दुपारी तिने मास्तरांना असा रस्सा वाढला की गुरुजी दोनदा मागून जेवले. “रामीबाय, आज काय खास?” त्यांनी विचारलं. ती नुसती हसली. स्वतः मात्र अर्धीच भाकर खाल्ली, अर्धी गुंडाळून ठेवली.

बस निघाली तेव्हा ऊन कललं होतं. वळणावर सुकऱ्याने खिडकीतून खाली पाहिलं. समुद्र लांब मागे सरला होता. ज्या खडकावर पान येऊन बसलं होतं, तो कोरडा पडला होता, आणि त्याच्यापलीकडे कितीतरी खडक उघडे.

“रामी, ते बघ,” त्याने तिला कोपराने ढोसलं.

रामीने बघितलं नाही. तिने डोळे मिटून मान त्याच्या खांद्यावर टाकली होती.

“दिव्याचं सांग ना.”

“तिथं तर कुलूप होतं.”

“दुसरा असेल. बेटावरचा.”

पुढच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “सुकऱ्याबाबा, होऊन जाऊ दे!” सुकऱ्याने दोनदा घसा खाकरला.

“बेटावरचा दिवा,” तो म्हणाला, “लय मोठा. ताडाएवढी काच.”

“न माघ्या?”

“माघ्या काच पुसतो.”

बसने धक्का खाल्ला. रामीने झोपेतच पदराची ओली गाठ दोन्ही हातांनी धरली, भात सांडू नये म्हणून.