पाठ झालेला तक्ता

मी एक तक्ता, डोळे तपासायचा. वर भलामोठा 'ग', खाली उतराल तशी अक्षरं बारीक. लोक माझ्याकडे नेहमी एक डोळा झाकून बघतात. आज दोन्ही उघडे ठेवा आणि माझं ऐका.

छापखान्यातून निघालो तेव्हा मला मोठ्या हॉस्पिटलची स्वप्नं पडत होती. आलो कुठे, तर शाळेत! जिन्याखालची खोली, एक खाट, वजनकाटा आणि सिस्टर. मी नाकच मुरडलं. पण पोराला दवाखान्यात न्यायचं तर आईबापाचा कामाचा दिवस मोडतो, म्हणून दवाखानाच शाळेत आणलाय, हे कळलं आणि माझी छाती फुगली. ताप, खरूज, दुखरे दात, सगळं तिथल्या तिथे. डोळ्यांचं खातं माझं.

खोली एवढीशी, तरी रांग आतच, माझ्यासमोर. पुढचं पोर पाढे म्हटल्यासारखं मोठ्यानं वाचायचं, मागची ऐकायची. सिस्टर खूष, "आमच्या पोरांची नजर म्हणजे घारीची!" मला कळत होतं हो. सारखी ठेचकाळून पडते म्हणून सगळे जिला 'धडपडी' म्हणत, ती मुलगी वाचताना माझ्या शेजारच्या खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. तरी एक अक्षर चुकायची नाही! वरच्या मजल्यावरच्या वर्गात फळ्यावरचं चुकीचं उतरवते म्हणून ती बोलणी खायची, ती खाली मला ऐकू यायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मी पडलो भिंतीवरचा.

मग खोलीला रंग दिला आणि शिपाईकाकांनी घाईत मला उलटा टांगला, भलामोठा 'ग' तळाशी. दुसऱ्या दिवशी रांगेत पहिली धडपडी. सिस्टर पाठमोऱ्या, कापूस कापत होत्या. तिनं डोळा झाकून सुरू केलं, "ग... न, प..."

मागची पोरं खो खो हसली. सिस्टरनी वळून मला पाहिलं, मग तिला.

"बाळा, खरं सांग, तिथे काय दिसतंय?"

"पांढरं काहीतरी. मला वाटलं, हे पाठ करून यायचं असतं."

सिस्टरनी लगेच तिच्या आईला बोलावणं धाडलं.

तिची आई कामावरून तशीच धावत आली. "आंधळी आहेस का, म्हणून मीच हिला धपाटे घातले हो!"

"तुमचं काय चुकलं, ताई? दोन वर्षं 'नजर उत्तम' असं मीच सांगत आले."

दोघी रडल्या. मला तीही सोय नाही. डोळ्यांचे डॉक्टर तपासून म्हणाले, उजवा डोळा चष्म्यानं सुधारेल, डावा आता जेमतेम. लवकर आणायला हवं होतं.

आता मी सरळ आहे. रांग दाराबाहेर असते आणि माझ्यावर पडदा. एकेक पोर आत आलं की तो सरकतो.

काल धडपडी आली, चष्मा लावून. उजव्या डोळ्यानं झरझर वाचलं. "अगंबाई, ही अक्षरं एवढी बारीक असतात?" मग उजवा झाकला. तिसऱ्या ओळीशी अडखळली. पुढचं सगळं तिला तोंडपाठ होतं, तरी ती थांबली.

"पुढचं दिसत नाही, सिस्टर."

लेकरांनो, एवढंच म्हणायला शिका. दिसत नाही म्हणालात तर मी काही नापास करत नाही.

आणि पोरी, तुझी मात्र मी माफी मागतो. माझ्या खालच्या ओळी तुझ्या डाव्या डोळ्याला आता कधीच दिसणार नाहीत.