अंतराळातलं संगीत नाटक

"आता ह्याचं बगा," असं म्हणत अप्पा सरनोबतांनी पुस्तक हातभर लांब धरलं आणि वेष्टणावरची अक्षरं एकेक करून लावली. "स्पेस… ऑपेरा. स्पेस म्हंजे?"

"अवकाश. अंतराळ."

"आन् ऑपेरा?"

कालिंदीबाईंना अंदाज होता. पण खात्री केल्याशिवाय काही सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कोश उघडला, बोट रकान्यावरून खाली सरकवलं आणि वाचलं, "संगीत नाटक."

अप्पा खुर्चीतून ताडकन उठले. "अंतराळातलं संगीत नाटक! अवो बाई, काय बोलताय काय! आन् हे रत्न तुमी खोक्यात ठेवलंयसा?"

मंगळवार पेठेतल्या त्या वाचनालयाचे अप्पा चिटणीस होते. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा नाटकात. जुन्या कंपन्यांची पदं त्यांना तोंडपाठ होती आणि गिऱ्हाईक लुगडं निवडत असलं तरी त्यांची एक तान चालूच असायची. कालिंदीबाई ग्रंथपाल. वय चाळिशीच्या पुढं, लग्न झालेलं नाही, घरी म्हातारी आई, जिला त्या माई म्हणत, आणि दारात तुळस. वीस वर्षं त्यांनी पुस्तकं दिली, घेतली, फाटकी चिकटवली. वाचनालयातलं सगळं जग चार पाट्यांत मावत होतं: सामाजिक, ऐतिहासिक, पौराणिक, रहस्य. पाचव्या पाटीची कधी गरज पडली नव्हती.

ती पडली एकोणीसशे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. पाटबंधारे खात्यातले एक इंजिनिअर निवृत्त होऊन मुलाकडं बंगळूरला निघाले आणि जाताना त्यांनी इंग्रजी पुस्तकांची चार खोकी वाचनालयाला दिली. कार्यकारी मंडळानं आभाराचा ठराव केला आणि लगेच दुसरा ठरावही केला, की जागा नाही. महिनाअखेरपर्यंत कुणी वाचलं नाही तर हा माल रद्दीत घालावा.

कालिंदीबाई दुपारच्या निवांत वेळी खोकी उघडून बसू लागल्या. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर नाहीतर आतल्या पानावर ते कुठल्या जातीचं आहे ते छापलेलं होतं, आणि ते शब्द त्या एका वहीत उतरवून घेऊ लागल्या. सायन्स फिक्शन हे त्यांनी ऐकलं होतं. पण त्याच्या पोटात किती लेकरं! टाइम ट्रॅव्हल म्हणजे काळातला प्रवास. युटोपिया म्हणजे जिथं सगळं चांगलंच आहे असा मुलूख, आणि डिस्टोपिया म्हणजे तिथंच सगळं नासलेलं. शिवाय हॉरर म्हणजे भयकथा, फँटसी म्हणजे अद्भुतकथा. ऑल्टरनेट हिस्टरी वाचून तर त्या खुर्चीतच ताठ बसल्या. इतिहास वेगळा घडला असता तर, असं धरून लिहिलेली कादंबरी! म्हणजे पानिपतात आपण जिंकलो असतो तर पुढं काय, हे कुणीतरी तीनशे पानं भरून लिहू शकतं? कुणी अडवत नाही?

त्या दिवशी घरी जाताना त्या चक्क भरभर चालल्या. "माई," चपला काढायच्या आत त्या म्हणाल्या, "जगात गोष्टी किती प्रकारच्या असतात, तुला सांगितलं तर खोटं वाटेल."

"आमटी गरम कर आधी," माई म्हणाली.

तर असं होतं, आणि त्यात अप्पांच्या हाती ते 'स्पेस ऑपेरा' लागलं. कालिंदीबाई "मी अजून वाचलेलं नाही, अप्पा" असं म्हणेपर्यंत अप्पा पायरी उतरले होते. दुसऱ्या दिवशी मिरजकर तिकटीला, तीन रस्ते मिळतात तिथं, फळा लागला: 'अंतराळातील संगीत नाटक! इंग्रजी ग्रंथावरून निवेदन. रविवारी सायंकाळी. सर्वांस मुक्त प्रवेश.'

"लोक आलं की मंडळाची तोंडं बंद," अप्पा म्हणाले. "खोकी वाचली म्हणून समजा."

कालिंदीबाईंनी पुस्तक घरी नेलं. शुक्रवारी सुरुवात केली. शनिवारी दुपारी शेवटचं पान उलटलं. पुस्तकात एकही गाणं नव्हतं. गाणं राहू द्या, कुणी शीळसुद्धा घालत नव्हतं. मग त्यांनी आधी सोडून दिलेली प्रस्तावना वाचली. त्यात सगळा खुलासा होता. भली मोठी यानं, लढाया, ताटातुटी, प्रेम, सूड असा सगळा मालमसाला असलेल्या कादंबऱ्यांना कुणीतरी चिडवायला म्हणून ते नाव ठेवलं होतं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

त्या तशाच दुकानात गेल्या. "अप्पा, फळा उतरवा. यात संगीत नाही."

अप्पांच्या हातातला कापड मोजायचा गज तसाच राहिला. "न्हाय म्हंजे? एकबी पद न्हाय?"

"एकही नाही. ते नुसतं नाव आहे."

"अवो, मुरगूडास्नं बाळाबाई येत्यात! माणूस धाडून आवतान दिलंय. पेटीवाला सांगितलाय." त्यांनी कपाळ पुसलं. "वडगावचं दोघं-चौघं येनार म्हंत्यात. आता फळा उतरवून काय व्हनार?"

बाळाबाई म्हणजे एके काळच्या कंपनीतल्या गाणाऱ्या नटी. आता सत्तरी उलटलेली. मुरगूडला भाच्याकडं राहत होत्या आणि कुठं फारशा जात नव्हत्या. त्या येणार म्हटल्यावर निम्मी पेठ येणार, हे उघड होतं.

कालिंदीबाईंनी हातातल्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. मग म्हणाल्या, "ताटातूट आहे, लढाई आहे, आणि शेवट तर असा आहे की मला रडू आलं."

"मग आमच्या नाटकात तरी दुसरं काय असतंय?" अप्पा म्हणाले. "तुमीच सांगा गोष्ट. मला न्हाय जमायची ती."

"मी? लोकांपुढं?"

"मग काय ते इंजनेर येनार हाईत बंगळूरास्नं?"

रविवारी वाचनालयाच्या मागच्या अंगणात सतरंज्या कमी पडल्या. फेटेवाले आले, टोपीवाले आले, बायका पोराबाळांसकट आल्या. पुढं खुर्चीवर बाळाबाई. अंगभर पदर, कपाळावर मोठं कुंकू, हातात काठी. बाजूला पेटीवाला भाता हलवून बसला होता. कालिंदीबाई पुस्तक हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"आधी एक सांगते," त्या म्हणाल्या. "फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं. अर्थ मीच सांगितला होता. या पुस्तकात एकही पद नाही."

मागून आवाज आला, "मग आमास्नी कशाला बलावलंय? पुस्तक बगायला?" कुणी हसलं. वडगावचे पाहुणे धोतर झटकत उठले. अप्पांनी खाली मान घातली. पेटीवाल्यानं भाता मिटायला घेतला.

बाळाबाईंनी काठी फरशीवर आपटली. "बसा खाली!" वय झालं होतं, पण तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायची सवय असलेला होता. पाहुणे बसले. "पद न्हाय तर न्हाय. बाई, गोष्ट हाय का?"

"आहे."

"मग सांगा की."

आणि कालिंदीबाईंनी सांगायला सुरुवात केली. पहिली चार वाक्यं पुस्तकी आली. मग त्यांनी पुस्तक मिटून खाली ठेवलं. दोन बहिणी होत्या, त्या म्हणाल्या. थोरली एका यानावर, धाकटी दुसऱ्यावर. यान केवढं? रंकाळा तळं उचलून आभाळात नेलं तर केवढं होईल, तेवढं. दोन्ही यानं दोन दिशांना निघाली. बहिणी एकमेकींशी रेडिओवरून बोलायच्या. पण अंतराळ फार मोठं. बोललेला शब्दसुद्धा पोचायला वेळ लागतो. आधी सकाळी विचारलेल्याचं उत्तर संध्याकाळी यायचं. मग आठ दिवसांनी. मग गुढीपाडव्याला विचारावं आणि दिवाळीला उत्तर यावं.

"अगं आई!" बायकांतून कुणीतरी म्हणालं.

मग शत्रू आला. शत्रूची शंभर यानं धाकटीच्या मागं लागली. कालिंदीबाईंचे हात हलू लागले, आवाज चढला. आपण इतक्या मोठ्यानं बोलू शकतो हे त्यांना त्या संध्याकाळीच कळलं. धाकटी सुसाट सुटली, वाटेत जळत्या दगडांचा पट्टा, त्यातून डावीकडून, उजवीकडून…

"खालनं काढ म्हणावं, खालनं!" एक पैलवान गडी ओरडला.

"खालूनच काढलं!" कालिंदीबाई म्हणाल्या, आणि अंगणात टाळी पडली.

पाठलाग महिनोन्महिने चालला, तेव्हा कुठं थोरलीला ते कळलं. तिनं आपलं यान वळवलं, मुद्दाम दिवे लावले आणि शत्रूला आपल्याकडं ओढून घेतलं. ते सगळे मागं लागले तशी ती एका पेटत्या ताऱ्याच्या दिशेनं निघाली. परत फिरता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. जाताना तिनं धाकटीला शेवटचा निरोप पाठवला. तो पोचायला किती महिने लागले कुणास ठाऊक. धाकटीनं तो ऐकला तेव्हा थोरली उरलेली नव्हती. निरोप एवढाच होता: 'मी बरी आहे. तू जेवलीस का?'

कालिंदीबाईंनी खाली ठेवलेलं पुस्तक उचललं. एवढीच गोष्ट, असं त्या म्हणणार होत्या.

"थांबा," बाळाबाई हळू म्हणाल्या. "हितं पद पायजे." त्यांनी पेटीवाल्याकडं बोट केलं. "काळी चार."

पेटीचा सूर लागला. बाळाबाईंनी डोळे मिटले आणि शब्दांवाचून नुसता आलाप घेतला. आवाज फाटत होता, वरचा सूर सापडत नव्हता, तरी त्या तिथवर गेल्या, न सापडलेल्या सुराशी थांबल्या आणि सावकाश खाली आल्या. संपल्यावर अप्पाच पहिल्यांदा ओरडले, "वा! बाई, वा!" आणि ते दोघींपैकी कुणाला म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जाताना बाळाबाईंनी कालिंदीबाईंचा हात धरला. "कोन म्हंतंय यात संगीत न्हाय? तुमी पुस्तक बरोबर वाचलंसा. छापनारा पदं घालायची इसरला."

मंगळवारी मंडळाची बैठक झाली. अप्पा तास-दीड तास भांडले. शेवटी मंडळानं एक कपाट दिलं. एकच. त्यात मावतील तेवढी ठेवा, बाकीची जाऊ द्या.

कालिंदीबाईंनी दोन दिवस निवड केली. नव्या पाट्या लिहिल्या, प्रत्येक जातीची दोन-तीन तरी राहावीत असं बघितलं. काही पुस्तकं चारचारदा कपाटात घातली आणि चारचारदा काढली. तरी अडीच खोकी उरलीच.

शनिवारी सकाळी केरबा रद्दीवाला हातगाडी घेऊन आला. तराजू टांगून त्यानं पहिला गठ्ठा पारड्यात ठेवला. कालिंदीबाई दारात उभ्या होत्या. आत जावं असं वाटत होतं आणि जाववत नव्हतं.

"बाई," केरबा वजन हातात धरून म्हणाला, "मी आलतो रविवारी. मागं भिंतीपाशी हुबा हुतो."

"हो?"

"त्या धाकटीचं फुडं काय झालं वो?"

"पुस्तक तिथंच संपतं."

"संपतंय कसं? धाकटी तर जिती हाय न्हवं?" केरबाला ते पटलेलं दिसलं नाही. "तिनं जबाब दिला आसंल की. जेवली का न्हाय, ते तरी सांगितलं आसंल."

कालिंदीबाईंनी पारड्यातल्या पुस्तकांकडं बघितलं, मग रस्त्याकडं. समोरून दूधवाल्याची सायकल घंटी वाजवत गेली. त्यांनी पदर आवरला आणि त्या पायरीवर बसल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "धाकटीनं रेडिओ लावला…"

केरबानं वजन खाली ठेवलं आणि तो हातगाडीच्या दांड्यावर टेकला. पुस्तकांचं पारडं भुईला टेकलेलं होतं. दुसरं, रिकामं, वर वाऱ्यावर हलत होतं.