चाळीस टक्के पाऊस

मंठाळजवळच्या आमच्या वाडीनं तलावाचं दार उघडलं, अर्धं पाणी सोडून दिलं, आणि नंतर पाऊस आलाच न्हाई. वाचलंत? आता विसरा. त्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं, मग तुम्हालाच कामून ठाऊक असावं?

तर, हस्त नक्षत्र चालू, तलाव काठोकाठ, आणि बांधाला भेग. बांधाखाली एकच घर, यल्लम्मा अक्काचं. मोबाईलवर अंदाज आला: अतिवृष्टीची शक्यता चाळीस टक्के.

मी पंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून टक्क्यांचा अर्थ मला विचारला. मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष गुंडेराव म्हणाले, "पस्तीसला पोरं पास होतेत. म्हणजे पाऊस पास. दार उघडा."

"पास झालेली सगळीच पोरं कुठं कामाला येतेत?" शाळेतून रिटायर झालेल्या सुमतीबाई म्हणाल्या. "पाणी सोडलाव आन पाऊस न्हाई आला, तर उन्हाळ्यात गाव काय पिणार?"

"आन बांध फुटला तर?"

"साठ टक्के फुटत न्हाई!"

अर्धं गाव इकडं, अर्धं तिकडं. आमच्याकडं असं अडलं की ज्याचं नुकसान व्हायचंय त्याच्या दारात बैठक भरते. चहाही त्याचाच. म्हणून सगळे अक्काच्या ओसरीवर. बांध बरोबर डोक्यावर. भेगेतून पाझरलेलं पाणी अक्काच्या मिरच्यांत उतरत होतं. मिरच्या मात्र झकास आल्या होत्या.

सुमतीबाईंनी वर बघितलं आणि कप खाली ठेवला. "यल्लम्मा, तू सांग गं."

"मी काय सांगू बाई? बांध फुटला तर पहिली मीच जाते. पाणी सरलं तर घागर घेऊन कोसभर मीच जाते." अक्कानं गाळणी झटकली. "पण घागर घेऊन गेलेली परत येते की."

मग कुणी टक्के काढले नाहीत. पहिला हात सुमतीबाईंचाच वर झाला. दार उघडलं, पाणी उतरलं, भेग कोरडी पडली.

पुढचं मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

आता उन्हाळा आहे. टँकरच्या रांगेत लोक विचारतात, "अध्यक्ष, तुमचा पास झालेला पाऊस कुठं नोकरीला लागलाय?" गुंडेराव मान खाली घालतात. त्याच रांगेतून सुमतीबाई ओरडतात, "हात मी बी वर केलते, मला इचारा की!" पण तालुक्याहून चौकशी लागली ती गुंडेरावांवरच. अध्यक्षपद जायची वेळ आहे. काल त्यांनी मला उत्तर टाईप करायला बसवलं:

"महोदय, सदर निर्णयाची चौकशी निर्णयाच्या दिवशीच करण्यात यावी. तो दिवस उपलब्ध नसल्यास, चौकशी अधिकाऱ्यांनी हस्त नक्षत्रात, तलाव काठोकाठ भरलेला असताना, श्रीमती यल्लम्मा यांच्या ओसरीवर एक रात्र मुक्काम करून सकाळी अहवाल लिहावा. पाऊस येणार की नाही हे त्यांना आगाऊ कळवू नये. घोंगडी ग्रामपंचायत पुरवील. ही नम्र विनंती."