न नांगरलेलं वावर

ढेकळातून गांडूळ अर्धं बाहेर लोंबत होतं — गुलाबी, ओलसर, वळवळणारं. जमुनाने ते ढेकळासकट हलकेच खाली ठेवलं आणि मान वर केली. धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या अंगाला, दिराच्या, महादेवरावांच्या वावरात पावसाचं पाणी तसंच साचलेलं, सोयाबीन पिवळं पडलेलं. तिच्या बाजूला ते केव्हाच जिरलेलं. पडू दे पिवळं... तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

नवरा गेल्यावर तिने नांगरणी बंद केली होती. सोंगणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, वर काडीकचरा पसरायचा, बी टोकून लावायचं. दर्यापूरच्या बाजारापर्यंत तिचं हसं झालं. माती कुठे भुसभुशीत होऊ लागली, तोच लेकीच्या बाळंतपणासाठी ती अचलपूरला गेली... आणि परतली तर सगळं वावर उलथंपालथं — खालची माती वर, मुळं उघडी, गांडुळं उन्हात वाळलेली. "बाईमाणूस एकटी, म्हनून नांगरून देल्लं," महादेवराव चारचौघांत म्हणाले, आणि चारचौघांनी त्यांनाच भलं म्हटलं. त्या पावसाळ्यात तिची सुटी झालेली माती नाल्याला वाहून गेली. ती पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली.

"वहिनी!"

चिखलाने पोटऱ्या माखलेले महादेवराव धुऱ्यावर उभे होते. "तुमच्या वावरातून चर काढू द्या. पानी हटून नाही राहिलं. पीक सडते माहं."

"ट्रॅक्टर आना ना, भाऊजी," ती म्हणाली. "नांगरून टाका पानी."

असं काही बोलता यावं म्हणूनच जणू ती इतकी वर्षं गप्प होती. आता ते भडकतील, आणि मग ती... पण ते खाली बसले. तिच्या मातीत त्यांनी हात घातला, तो मनगटापर्यंत गेला. मूठ नाकाशी नेली.

"बाच्या वेळी असाच वास ये," ते हळूच म्हणाले. "चुकलंच माहं तवा. चर राहू द्या. हे कसं केलं, तेवढं सांगा मले."

चर तिने दिलाही असता — हिणवून, रडवून. पण हे? तिला त्यांचं वावर दिसलं: काळं, मऊ, पाणी पिणारं, धुऱ्याच्या दोन्ही अंगांना अगदी सारखं. मग सकाळी उठून आपण कोणाकडे बघायचं? कशासाठी राबायचं?

ते वाट पाहत होते. सांगायला किती सोपं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही, आणि तिने दात आवळून घेतले.